छावणी, रजा आणि डोंगराची हवा



रायपूर शहरात पंडरी नावाचा भाग आहे. कापडाच्या मोठ्या बाजारामुळे तो साऱ्या छत्तीसगडात ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत शहराचे मुख्य बसस्थानकही तेथेच होते. पुढे ते भाटागावला हलले. कचेरीस जाताना माझी वाट या स्थानकावरून असे आणि तेथे एक दृश्य मी वारंवार पाहिले आहे. रेल्वेने आलेला एखादा जवान रिक्षातून उतरतो. सोबत काळी लोखंडी पेटी असते, तीवर पांढऱ्या रंगाने नाव, हुद्दा आणि पलटण लिहिलेली असते. पेटीवर गुंडाळलेला बिस्तरा. धमतरीची किंवा बलौदा बाजारची बस केव्हा सुटते, हे तो विचारतो. बसला अवकाश आहे असे कळले की पेटीवरच बसतो आणि पुन्हा पुन्हा मनगटावरच्या घड्याळाकडे पाहतो. रजेचा पहिला दिवस असा सरतो. घरी पोहोचेपर्यंत दुसराही बहुधा सरत असावा.

मी शासकीय नोकर आहे. रजेचे अर्ज हा माझ्या नित्याच्या कामाचा भाग आहे. रजेच्या नियमांत अगदी आरंभीच एक वाक्य येते : रजा हक्क म्हणून मागता येत नाही. या वाक्याखाली मी इतक्या वेळा सही केली आहे की त्याचा अर्थ मला बोचेनासा झाला होता. त्या पेटीवर बसलेल्या जवानाकडे पाहताना मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभेल असा प्रश्न मनात आला. लढणाऱ्या माणसाला विसावा द्यावा लागतो, हे राज्यकर्त्यांना केव्हा उमगले? आणि तो कोणाला, कोठे व किती द्यावयाचा, हे कोणी ठरविले?

आपल्याकडे या प्रश्नाचे पहिले उत्तर पावसाने दिले. 'छावणी' हा शब्द आज आपण लष्कराच्या कायम वस्तीसाठी वापरतो. त्याचा मूळ अर्थ छप्पर घालणे, घर शाकारणे असा आहे. पावसाळ्यात नद्या दुथडी भरत, घोडी चिखलात रुतत, तोफांचे गाडे हलेनासे होत. म्हणून फौज डोक्यावर छप्पर घेऊन बसे. त्या बसण्याला छावणी म्हणत. शिवछत्रपतींच्या लष्करी व्यवस्थेचे जे वर्णन सभासदाने केले आहे, त्यात या गोष्टीला मोठे स्थान आहे. पावसाळ्यास लष्कराने स्वदेशी छावणीस यावे, तेथे दाणा, वैरण, औषधे आणि घोड्यांसाठी गवताने शाकारलेले तबेले आधीच सिद्ध असावेत, दसऱ्याला छावणीतून कूच करावे आणि आठ महिने परमुलखात मुलूखगिरी करावी, असा तो क्रम. निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची यादी होई आणि परतल्यावर त्याच यादीवरून झडती. हिशेबाची ही करडी शिस्त आणि विसाव्याची ही आगाऊ तरतूद एकाच व्यवस्थेत शेजारी शेजारी नांदत होती. या चार महिन्यांत पुष्कळांच्या शेताची पेरणीही होऊन जाई. सैनिक आणि शेतकरी ही दोन माणसे नव्हती. ऋतू पालटला की एकाचाच दुसरा होत असे.

हा नेम मोडला तेव्हा काय घडले, याचे एक उदाहरण आम्हा छत्तीसगडच्या मराठी माणसांना जवळचे वाटते. १७४१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर याच प्रदेशातून पुढे गेले. रतनपूरच्या हैहय राजाने त्यांच्यापुढे मान तुकविली. १७४२ मध्ये भास्करपंत बंगालवर चालून गेले. पावसाळा जवळ येताच नागपुरास परतावे, असा त्यांचा विचार होता. मीर हबीबाच्या सल्ल्याने तो फिरला आणि फौजेने गंगेकाठी काटव्याला छावणी केली. स्वदेशीची छावणी आणि परक्या मुलखातली छावणी यांत जे अंतर आहे ते त्या सप्टेंबरात दिसून आले. भास्करपंतांनी दुर्गापूजेचा थाट मांडला होता. ऐन उत्सवात अलीवर्दीखानाने रातोरात नदी उतरून झोपेतल्या तळावर छापा घातला आणि फौज उधळली. १७६० चा पावसाळा भाऊसाहेबांच्या फौजेने असाच घरापासून दूर, यमुनेच्या पुराकडे पाहत काढला. पुढच्या जानेवारीत काय झाले ते महाराष्ट्रात सांगावयास नको.

बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून राज्य करीत होते. छत्तीसगडात दसऱ्याला सोने वाटण्याची चाल त्यांनी आणली असे सांगतात. सीमोल्लंघनाचा सण येथे रुजला खरा. पण त्याच्या आधीची छावणी मात्र लोकांच्या आठवणीतून गेली.

इंग्रजांचे राज्य आले आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. त्यांच्या गोऱ्या शिपायाचा शत्रू पाऊस नव्हता. ऊन, ताप, पटकी आणि हगवण हे त्याचे शत्रू होते. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानातील गोऱ्या सैन्याची संख्या वाढविण्यात आली आणि त्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये एक राजकीय आयोग नेमला गेला. १८६३ साली त्याचा अहवाल आला. गेल्या अनेक वर्षांच्या सरासरीने दर हजारी ६९ गोरे शिपाई दरसाल मरत असल्याचा त्यातील आकडा वाचून इंग्लंड हादरले. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी या अहवालावर जी टीका-टिप्पणी लिहिली, ती आजही वाचावी अशी आहे. लढाईत मरणाऱ्यांपेक्षा बराकीत मरणारे कितीतरी अधिक होते. सुमारे तिसरा हिस्सा फौज आळीपाळीने डोंगरावर ठेवावी, ही आयोगाच्या शिफारशींपैकी एक. डासामुळे हिवताप होतो हे सिद्ध व्हावयास १८९७ साल उजाडावे लागले. रोनाल्ड रॉस यांचा तो शोध सिकंदराबादचा. तोवर दोष हवेचा मानला जाई. निदान चुकले होते, उपाय मात्र बराचसा लागू पडला. उंचावर डास कमी.

डोंगराची ही ओढ त्याआधीच महाराष्ट्रात सुरू झाली होती. १८२४ साली कर्नल लॉडविक महाबळेश्वराच्या टोकाशी पोहोचला. १८२८ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या साहाय्याने तेथे वस्ती वसविण्यास आरंभ केला. पुरंदरावर गोऱ्या शिपायांसाठी आरोग्यधाम झाले. ज्या गडावर शंभूराजांचा जन्म झाला आणि ज्याच्या पायथ्याशी १६६५ चा तह झाला, तेथे आजारी टॉमी उन्हाळा काढू लागले, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा. नाशिकजवळच्या देवळालीची कथा निराळी. मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या बोटीची वाट पाहत तेथे पडून राहत. बोटी हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. तो हुकला की पुढच्या हंगामापर्यंत उन्हात, कामावाचून, दारूच्या संगतीत दिवस कंठावे लागत, आणि काहींचे डोके फिरे. 'देवळाली' या नावावरूनच इंग्रजीत वेडसरपणासाठी 'डूलॅली' हा शब्द रूढ झाला. रिकामपण म्हणजे विसावा नव्हे, हे देवळालीने लष्कराला शिकविले. पण लष्कर फारसे शिकले असे दिसत नाही.

आमच्या जुन्या मध्यप्रांताचे डोंगरी ठाणे म्हणजे सातपुड्यातील पंचमढी. रायपूर तेव्हा याच प्रांतात होते. १८५८ च्या ऑक्टोबरात तात्या टोपे नर्मदा उतरून या डोंगरांत शिरले तेव्हा कोरकूंचा पुढारी भभूतसिंह त्यांच्या साहाय्यास उभा राहिला. हे बंड मोडल्यावर, १८६२ च्या सुमारास कॅप्टन जेम्स फोर्सिथ या पठारावर आला आणि त्याने 'बायसन लॉज' नावाचा बंगला बांधला. त्याचे सातपुड्यावरील पुस्तक १८७१ साली निघाले. सुमारे साडेतीन हजार फूट उंचीचे हे पठार पाहता पाहता गोऱ्या सैन्याचे आरोग्यधाम झाले, बंदुकीच्या नेमबाजीची शाळा झाले आणि उन्हाळ्यात नागपूरहून प्रांताचे सरकारही दप्तरे घेऊन तेथे चढू लागले. पिपरिया स्थानकावर गाडीतून उतरावे आणि मग डोंगर चढावा. साहेबांच्या पेट्या, कपाटे, मडमांची पियानोची खोकी आणि कचेरीचे रुमाल चढविण्यासाठी किती खांदे लागले असतील, याची मोजदाद कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

या पंचमढीचे दुसरेही एक रूप आहे, आणि विदर्भातल्या श्रोत्यांना तेच आधी आठवले असेल. महाशिवरात्रीला आणि नागपंचमीला वऱ्हाड-नागपुराकडचे शेतकरी मोठ्या महादेवाला जातात. नवसाचा जड त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागडाची चढण चढतात. हे लोक गोऱ्या शिपायांच्या बंगल्यांवरून गेले असतील, बँडचे सूर त्यांनी ऐकले असतील. एकाच डोंगरावर दोन प्रकारची माणसे येत. एक थकवा उतरविण्यासाठी, दुसरी मुद्दाम थकण्यासाठी. त्यांची एकमेकांशी ओळख मात्र कधी झाली नाही.

मग देशी शिपायाचे काय? हे ऊन त्याच्या अंगवळणी पडलेले आहे, त्याला डोंगराची गरज नाही, अशी सरकारची समजूत होती. त्याच्यासाठी रजा म्हणजे गाव. पलटणीतून पाळीपाळीने शिपाई घरी जात. पेरणी, कापणी, लग्नसराई, कज्जेदलाल हे सारे त्या मुदतीत उरकावयाचे. या व्यवस्थेत शहाणपण होते, हे मान्य केले पाहिजे. गावाशी नाते तुटले नाही म्हणूनच सातारा, रत्नागिरी, कुलाबा या जिल्ह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या भरती होत राहिली. तथापि विसावा कोणाला लागतो आणि कोणाला लागत नाही, हे कातडीच्या रंगावरून ठरत होते, हेही तितकेच खरे.

१९१४ साली ही सारी मांडणी समुद्रापलीकडे गेली. २६ सप्टेंबरला हिंदी फौज मार्सेलला उतरली. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्समधील २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर रोजी न्यूव्ह शापेलच्या हल्ल्यात शीख पलटणीबरोबर पुढे गेल्या आणि त्यांचे बहुतेक सारे ब्रिटिश अधिकारी त्या एका दिवसात पडले किंवा जखमी झाले. खंदकातल्या ब्रिटिश अधिकाऱ्याला काही महिन्यांनी इंग्लंडला घरी जाऊन येता येई. खाडीपलीकडे तर होते ते. हिंदी शिपायाचे घर दोन समुद्रांपलीकडे. त्याला खंदकातून बाहेर काढणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे जखम. आणि बरी झालेली जखम पुन्हा त्याच खंदकात नेऊन सोडी. शिपायांच्या पत्रांची छाननी करणाऱ्या अधिकाऱ्यांना या गोष्टीवरचा विषाद १९१५ सालभर वाचावा लागला.

जखमींसाठी ब्रायटनचा राजवाडा, तो प्रसिद्ध घुमटांचा 'पॅव्हिलियन', रुग्णालय म्हणून उघडण्यात आला. तेथे जातिधर्मानुसार नऊ स्वयंपाकघरे होती, हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे होते; बादशहा येऊन शौर्यपदके देऊन गेले. हे सारे छायाचित्रांत फार सुंदर दिसते, आणि छायाचित्रे पुष्कळ काढण्यात आली. त्याच गावात किचनर रुग्णालय होते. त्याचा प्रमुख कर्नल ब्रूस सीटन याने कुंपणाला काटेरी तारा लावल्या, पहारे बसविले आणि हिंदी कर्मचाऱ्यांना व रुग्णांना गावात मोकळे जाऊ देण्यास मनाई केली. गोऱ्या स्त्रियांशी हिंदी माणसांचा परिचय वाढू नये, ही त्यामागची धास्ती. या कोंडमाऱ्याने संतापलेल्या गोडबोले नावाच्या साहाय्यक शल्यचिकित्सकाने सीटनवर गोळी झाडण्याचा प्रयत्न केला आणि त्याला कारावास भोगावा लागला. मराठी आडनावाचा हा गृहस्थ आपल्या इतिहासग्रंथांत क्वचितच भेटतो. त्याच्या कृत्याचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. औषधोपचार उत्तम, अन्न उत्तम, आणि दाराला मात्र कडी. अशा ठिकाणी माणसाच्या मनाचे काय होते, एवढेच त्यावरून समजते. ब्रायटनजवळच्या टेकडीवर ५३ हिंदू व शीख सैनिकांचे दहन झाले. तेथे संगमरवरी छत्री उभारली गेली, आणि १९२१ च्या फेब्रुवारीत तिचे अनावरण झाले. डोंगरउतारावर, हिरव्या गवतात, मेंढ्यांच्या सोबतीला ती आजही आहे.

युरोपातल्या पर्वतांवर सैनिकांच्या विसाव्याची रीतसर व्यवस्था प्रथम मोठ्या प्रमाणावर केली ती अमेरिकनांनी. फ्रान्समध्ये उतरलेल्या त्यांच्या फौजेला चार महिन्यांतून सात दिवस रजा मंजूर झाली. प्रश्न आला जावयाचे कोठे? घर अटलांटिकपलीकडे. पॅरिसला मोकळे सोडावे तर दारू आणि गुप्तरोग. म्हणून आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी, सव्हॉय प्रांतातील एक्स-ले-बँ हे ऊन पाण्याच्या झऱ्यांचे धनिक गाव निवडण्यात आले. १९१८ च्या फेब्रुवारीत तेथे पहिले रजाकेंद्र उघडले. युद्धामुळे हॉटेले ओस पडली होतीच. हॉटेलवाल्यांनाही आधार झाला. ज्या जुगारगृहात राजेरजवाडे पैसे उधळीत, ते वाय.एम.सी.ए.ने चालवावयास घेतले. जुगार बंद झाला आणि तेथे नाटके, बोलपट येण्यापूर्वीचे मूकपट, नाच, ग्रंथालय यांची सोय झाली. सकाळी बिगूल नाही, कवाईत नाही. माँ रव्हारवर जावे, सरोवरात नाव वल्हवावी. शिपायाला साध्या माणसासारखे सात दिवस जगू द्यावे, ही कल्पना नवी होती आणि उदार होती.

पण या कथेलाही एक अस्तर आहे. एक्स-ले-बँच्या उद्‌घाटनाच्या दिवसांत तेथे जे वाद्यवृंद गाजले ते होते जेम्स रीझ युरोप या कृष्णवर्णीय संगीतकाराचे, न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीयांच्या पलटणीचे. महिनाभर त्यांनी गोऱ्या सैनिकांचे रंजन केले. कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र रजेसाठी तेथे प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी पुढे शाँबेरी आणि शाल-लेझ-ओ येथे निराळी सोय झाली. तेथे काम केलेल्या ॲडी हंटन आणि कॅथरिन जॉन्सन या दोन कृष्णवर्णीय स्त्रियांनी १९२० साली आपल्या अनुभवांचे पुस्तक प्रसिद्ध केले. युद्धात भेटलेल्या माणुसकीचे आणि अपमानाचे त्यात सारख्याच शांतपणे वर्णन आहे. पंचमढीचा डोंगर आणि सव्हॉयचा डोंगर यांत हजारो मैलांचे अंतर असले, तरी पायवाटा ओळखीच्या वाटतात.

याच काळात स्वित्झर्लंडने आणखी एक उपक्रम केला. १९१६ पासून दोन्ही पक्षांचे आजारी व जखमी युद्धकैदी तेथील डोंगरी गावांत आणून ठेवण्यात आले. दावोस, लेझाँ, म्यूरेन अशा ठिकाणची रिकामी हॉटेले त्यांनी भरली. शत्रुमित्र एकाच दरीच्या दोन अंगांना बसून ऊन खात होते.

आणि मराठे? त्यांची गाठ या डोंगरांशी नव्हतीच. सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियाच्या सपाट, निर्वृक्ष वाळवंटात कूतच्या वेढ्यात सापडल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत. उपासमार झाली, शरणागती झाली, आणि नंतर कैदेची ती भयंकर पायपीट. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावातले ४६ पुरुष पहिल्या महायुद्धात कामी आले. सरकारने तेथे स्मृतिशिळा बसविली. गावाला आज 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. रजेवर येणाऱ्यांची वाट पाहणे काय असते, हे त्या गावाला कोणी सांगावयास नको.

दुसऱ्या महायुद्धात मराठ्यांना युरोपचे पर्वत भेटले, पण तोंड वेगळे होते. इटलीतल्या आपेनाइन पर्वतराजीत जर्मनांनी एकामागून एक तटबंदीच्या रांगा उभारल्या होत्या. त्यांतला प्रत्येक डोंगर हिंदी डिव्हिजनांना चढून जिंकावा लागला. १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात कुलाबा जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचा बावीस वर्षांचा नाईक यशवंत घाडगे एकटा शत्रूच्या मशीनगनवर चालून गेला, त्याने ठाणे घेतले आणि तेथेच तो पडला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची समाधी सापडत नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. मोंतोने या इटालियन गावाने २०२३ साली त्याच्या नावाने एक सूर्यघटिका उभारली. पुढच्या वर्षीच्या ९ एप्रिलला सेनियो नदीच्या काठी अहमदनगर जिल्ह्यातील नामदेव जाधव या मराठा सैनिकालाही तोच सन्मान मिळण्याजोगे शौर्य घडले. ते घरी परतले आणि १९८४ पर्यंत जगले.

स्वित्झर्लंडच्या भूमीवर हिंदी सैनिक पोहोचले, तेही हॉटेलची तिकिटे काढून नव्हे. उत्तर आफ्रिकेत पकडले गेलेले हजारो हिंदी युद्धकैदी फ्रान्समधील एपिनाल येथे ठेवले होते. (पाचव्या मराठ्यांची दुसरी पलटण जून १९४२ मध्ये टोब्रुकला अशीच शत्रूच्या हाती पडली होती.) ११ मे १९४४ रोजी अमेरिकन विमानांच्या बॉम्बवर्षावात एपिनालच्या छावणीच्या भिंती कोसळल्या. अनेक कैदी मेले. उरलेले रानावनांतून पळाले. फ्रेंच शेतकऱ्यांनी त्यांना भाकरी दिली, गोठ्यात लपविले, वाट दाखविली. त्यांतले सुमारे ५०० जण सरहद्द ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये सुखरूप पोहोचले. दुसऱ्या महायुद्धातील एवढे मोठे यशस्वी पलायन दुसरे क्वचितच असेल, आणि आपल्याकडे ते इतकी वर्षे कोणाच्या गावीही नव्हते. वर्षभराने, १९४५ च्या जुलैपासून, त्याच देशात अमेरिकन सैनिकांच्या रजेच्या सहली सुरू झाल्या. त्यांच्यासाठी भूमध्य समुद्रकाठी नीस हे शिपायांना आणि कान हे अधिकाऱ्यांना वाटून दिलेले होते. विसाव्यालाही हुद्दा असतो!

पूर्वेकडे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तर पावसाचा जुना नियमच मोडला गेला. १९४३ साली तेथे एका जखमीमागे १२० माणसे आजारी म्हणून मागे पाठवावी लागत होती, असे जनरल स्लिम यांनी लिहून ठेवले आहे. हिवतापाचा रोगी हिंदुस्थानात गेला की महिनोन्‌महिने परतत नसे. म्हणून आघाडीच्या अगदी पाठीशी उपचारतळ उघडले गेले आणि तीन आठवड्यांत माणूस पुन्हा पलटणीत येऊ लागला. मार्च १९४४ मध्ये सांगशाकच्या टेकडीवर मराठ्यांची चौथी पलटण हवाई छत्रीधारी ब्रिगेडबरोबर लढली. आणि त्या पावसाळ्यात जपान्यांचा पाठलाग थांबवावयाचा नाही, असा स्लिमने निर्णय घेतला. तो लष्करी दृष्ट्या अचूक ठरला. सभासदाच्या काळापासून मान्य असलेला चार महिन्यांचा तह, जो माणसाने नव्हे तर निसर्गाने लढणाऱ्यांशी केलेला होता, तो मात्र त्या दिवशी संपला. त्याच काळात सातपुड्याच्या पलीकडे छिंदवाड्याला जंगलयुद्धाचे शिक्षण देणारे डिव्हिजन बसले होते. वर पंचमढीला विसावा, खाली छिंदवाड्याला तयारी. मधे एक दिवसाची वाट.

स्वातंत्र्यानंतर पंचमढीतून गोरे आरोग्यधाम गेले. तेथे आता लष्कराच्या शिक्षण विभागाचे महाविद्यालय आहे आणि लष्करी बँडचे वादक तेथेच तयार होतात. आजच्या जवानाला वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा मिळते. नियमातले ते आरंभीचे वाक्य मात्र आहे तसेच आहे.

माझे आजोबा इटलीतील फौजेत रसद विभागात लेखनिक होते. लढाईच्या गोष्टी त्यांनी कधी सांगितल्या नाहीत. एकदा रोमला तुकडीबरोबर चार दिवसांच्या रजेवर गेलो होतो, मोठे देऊळ पाहिले, जिने फार होते, एवढेच ते सांगत. त्यांच्या पेटीत बर्फाच्या डोंगराचे एक चित्रपत्र होते. त्याची पाठ कोरी. ठिकाण कळेल असे काही घरी पाठविण्यास सेन्सॉरची बंदी असल्यामुळे ते टाकता आले नाही, म्हणून त्यांनी ते बरोबरच आणले. तो डोंगर कोणता, हे मी विचारले तेव्हा त्यांनाही आठवत नव्हते. आपण तेथे गेलो नव्हतो, एवढे निश्चित ठाऊक होते.

१९४५ च्या उन्हाळ्यात त्यांना घरी येण्याची रजा मिळाली. बोट मुंबईला लागली, तेथून नागपूर, तेथून रायपूर. तात्यापाऱ्यातल्या आमच्या जुन्या घरी पोहोचले तेव्हा मृग आठ दिवसांवर आला होता आणि ते युद्धावर असल्याने दोन वर्षे घर शाकारले गेले नव्हते. आजी सांगत असे, पहिल्या रात्री ते जेवले, झोपले, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच शिडी लावून वर चढले. फुटके खपरे काढून टाकणे, नवे बसविणे, कोनाड्यावरची गळती बुजविणे यांतच रजेचे बहुतेक दिवस गेले. पहिला पाऊस आला त्या संध्याकाळी त्यांची गाडी होती.